कोरं झाकण

१

वाडीत अमरावती रोड सोडून गोदामांच्या मागच्या गल्लीत शिरलं, की पुष्पलताची चक्की कोणाला विचारावी लागत नाही. मोटरच्या आधी बाईचा आवाज ऐकू येतो. गहू ओलसर आणला की ती ओरडायची, झाकण घरी विसरलं की ओरडायची, आणि काहीच चुकलेलं नसलं तर "इतके दिवस काय उपाशी होते का?" म्हणून ओरडायची. गल्ली ते हसण्यावारी न्यायची, कारण तिच्यासारखं पीठ वाडीत दुसरं कोणी दळत नव्हतं. नवरा देवराव तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून चक्कीवर दोघीच, ती आणि तिची बावीस वर्षांची रोशनी.

चक्कीचा नियम देवरावनं घालून दिलेला. दळण झालं की झाकणावर खडूनं एक अक्षर. गिऱ्हाईक आजच नेणार असेल तर 'घे', डबा समोरच्या फळीवर. गिऱ्हाईक गावाला गेलं असेल तर 'ठे', म्हणजे ठेव, डबा मागच्या मांडणीवर. आणि ज्या झाकणावर काहीच लिहिलेलं नाही, तो डबा दळायचा.

देवराव जुन्या मिशन चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायचा. बायबलात आहेच की, शेवटच्या दिवशी दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल. त्यावरूनच त्यानं ही दोन अक्षरं काढली होती. नवीन गिऱ्हाइकाला तो हसत सांगायचा, "आमच्या इथं रोजच शेवटचा दिवस असते गा."

एकदा नाताळाच्या साफसफाईत लहानग्या रोशनीनं सगळी झाकणं ओल्या फडक्यानं लखलखीत पुसून ठेवली. देवरावनं कोरी झाकणं पाहिली आणि दळलेले अर्धे डबे पुन्हा दळून काढले. पीठ इतकं बारीक झालं की पोळी पोळपाटावरून उचलताच फाटायची. आठवडाभर गल्ली भांडायला येत होती आणि पुष्पलता एकटी सगळ्यांना पुरून उरत होती.

यंदा मे महिन्यात, लग्नसराईच्या गर्दीत, यमुताई आणि त्यांची सून गोपिका दोघींनी दोन डबे आणून टाकले. सासूची ज्वारी, सुनेचा गहू. "काटोलले लग्न आहे वं, तीन दिवसांनी नेऊ," असं सांगून गेल्या. पुष्पलतानं दळलं, दोन्ही झाकणांवर 'ठे' लिहिलं आणि डबे मागे सारले. हे तिला पक्कं आठवत होतं, कारण लिहिताना खडू मोडला होता आणि तिनं खडूलाही शिवी घातली होती.

दुपारी ती मागे गेली, तर यमुताईच्या झाकणावर 'घे'.

"रोशनी! हे काहून बदललं वं?"

"मी नाही बदललं, माय."

"मग काय झाकणानं सोताच लिवलं?"

रोशनी हात पुसत आली, झाकणाकडे वाकून पाहिलं. "अक्षर तर तुझंच आहे."

होतं तिचंच. पुष्पलताच्या घ वरची मात्रा रेषेला कधी टेकत नाही, सुटून डावीकडे पडते. शाळेत बाईंनी त्यासाठी छड्या मारल्या होत्या, तरी सुधारली नाही. समोर चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. "राहू दे, मरू दे," म्हणत ती परत फिरली.

२

बातमी तिसऱ्या दिवशी आली. परतताना वजनकाट्याच्या वळणावर ऑटो उलटला. यमुताई जागेवरच गेल्या. अंगावर ओरखडा नव्हता आणि चेहरा झोपल्यासारखा होता, असं पाहणारे म्हणाले. गोपिका वाचली. पण मानेखाली काही हालत नव्हतं आणि तोंडातून शब्द येत नव्हता. डोळे तेवढे उघडे. डॉक्टर म्हणाले, अशीच राहू शकते, कितीही वर्षं.

पुष्पलता मांडणीपुढे उभी राहिली. दोन डबे शेजारी शेजारी. एकावर घे, एकावर ठे.

तिनं स्वतःला समजावलं. गर्दी होती. डोक्यात दहा डबे होते. आपणच बदललं असेल आणि विसरलो असू. वय झालं की असं होतं.

रोशनी मात्र उजळून गेली होती. "पाहिलं माय? पास्टर सांगतात तसंच झालं. एक घेतली गेली. किती शांत गेल्या यमुताई! आणि ठेवली ती पाहा कशी पडली आहे."

"तोंड सांभाळ. कोणाच्या घरी मयत झाली आणि तू हसून राहिली?"

"हसत नाही मी. सांगून राहिली."

हे भांडण घरात नवं नव्हतं. पास्टर प्रेमानंद यांच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थना-मंडळीत, रोशनी वर्षभर जात होती. तिथली शिकवण अशी, की घेतली जाईल ती भाग्याची. प्रभू मेघांत येईल, आपल्या लोकांना वर उचलून घेईल, त्यांना नवं शरीर देईल, आणि खाली जे उरतील त्यांच्यावर सात वर्षं महासंकट कोसळेल. देवराव जिवंत असताना नेमकं उलटं सांगायचा. नोहाच्या वेळी पुरानं कोणाला नेलं? ऐकलं नाही त्यांना. तारवात, म्हणजे त्याच्या जहाजात, ठेवले ते वाचले. म्हणजे घेतली गेली ती बुडाली आणि ठेवली तिचं भलं झालं. आणि सात वर्षं, हजार वर्षं हे आकडे बोटांवर मोजायचे नसतात, असंही तो म्हणायचा. ओळ एकच, शब्द तेच दोन, आणि एका घरात त्याचे दोन अर्थ. पुष्पलतानं नवऱ्याचा अर्थ धरला होता, कारण तो नवऱ्याचा होता. स्वतः कधी विचार केला नव्हता. सकाळी सहाला चक्की सुरू करणाऱ्या बाईला तेवढी फुरसत कुठे असते?

त्या दिवशी चादर बदलताना तिला उशीच्या खोळीत गोळ्यांची पानं सापडली. जशीच्या तशी, एकही गोळी न काढलेली.

रोशनीला बाराव्या वर्षापासून झटके येत. सकाळ-संध्याकाळची एक गोळी चुकली नाही तर सगळं ठीक. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. गोळी सोडायची नाही, आणि फिरत्या पट्ट्याजवळ उभं राहायचं नाही.

"किती दिवस?" पुष्पलताचा आवाज एरवीपेक्षा हळू होता, आणि हळू आवाज जास्त वाईट हे रोशनीला माहीत होतं.

"अकरा."

"काहून?"

"नवं शरीर भेटणार आहे, माय. या शरीराले किती दिवस गोळ्या चारू?"

पुष्पलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं हातातली उशी भिंतीवर मारली. कापूस खोलीभर उडाला, आणि रोशनी तिथंच उभी राहून शांतपणे तो गोळा करू लागली. त्या शांतपणाचाच पुष्पलताला सगळ्यात जास्त राग आला.

३

फेलोशिप एका रिकाम्या गोदामात भरायची. पुष्पलता गेली तेव्हा पास्टर प्रेमानंद एकटेच होते, बनियनवर, कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते. चाळिशीचा सडपातळ माणूस. तिला पाहून त्यांनी घाईघाईनं शर्ट चढवला आणि खुर्ची पुढे केली.

"बसा, ताई."

"बसायले नाही आली. माझ्या पोरीची गोळी तुम्ही बंद केली?"

"मी? नाही ताई. मी कोणाले औषध सोड म्हणत नाही. माझी माय खुद्द शुगरची गोळी खाते."

"मग काय सांगता तुम्ही तिले?"

"एवढंच का वेळ कमी आहे. तयार राहा."

"आणि घेतली जाईन ती चांगली, हे तुम्हाले कोणी येऊन सांगितलं? चिठ्ठी आली होती वरून?"

प्रेमानंद स्वतःच त्या खुर्चीवर बसले. "देवरावभाऊंसोबत माझं यावर एकदा जोरात वाजलं होतं. चहाच्या टपरीवर, दोन तास. ते पुराचं सांगत होते, मी मेघांचं. घरी जाऊन मी पुन्हा वाचलं. खरं सांगू, ताई? तेव्हापासून मले पक्कं नाही सांगता येत."

"पक्कं नाही?"

"नाही."

"माहीत नाही तं शिकवून काहून राहिले गा?" ती इतक्या जोरात ओरडली की पत्र्याचं छप्पर वाजलं. "माझी पोरगी मरून जाईन तुमच्या 'पक्कं नाही'पायी! तिच्या बापाचंही तेच, तुमचंही तेच. बाप्ये टपरीवर चहा पीत भांडतात आणि जातं फिरवतात बाया! घेतली गेली तरी बाई, ठेवली गेली तरी बाई!"

प्रेमानंदांनी मान खाली घातली. "उद्या दुपारी मी येतो चक्कीवर. मीच सांगतो तिले गोळी घे म्हणून. माझं ऐकेल ती."

"या. आणि नाही आले तर मी इथं येऊन तुमचा कूलर फोडीन."

ती तडक चक्कीकडे निघाली. दुपारचे अडीच वाजले होते, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अडीच ते चार चक्की बंद असते. रोशनी घरी झोपली होती, किल्ली पुष्पलताच्या कमरेला होती. शटरजवळ आली आणि थांबली.

आत चक्की चालू होती.

धान्य घातलेल्या चक्कीचा आवाज भरलेला असतो. रिकामी चक्की वेगळी ऐकू येते, दगड दगडावर घासतो आणि खरखर अंगात शिरते. त्यातच पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना टक् वाजतो. टक्, टक्, टक्. हा आवाज ती तीस वर्षं ऐकत आली होती, चूक होणं शक्य नव्हतं. तिनं किल्ली लावून शटर धाडकन वर केलं.

सगळं बंद. मेन स्विच खाली. मोटरवर सकाळचं पीठ तसंच बसलेलं. तिनं पट्ट्याला हात लावला, तर तो गरम होता.

मे महिना आहे, पत्रा तापला आहे, सगळंच गरम आहे. तिनं लोखंडी खांबाला हात लावून पाहिला. खांब थंड नव्हता, पण पट्ट्याइतका गरमही नव्हता. ती तिथं जास्त वेळ थांबली नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनीनं गोळी घेतली नाही. "दुपारी पास्टर येतात ना, त्यांनी सांगितलं तर घेईन," एवढंच म्हणाली. पुष्पलतानं दात आवळले आणि दुपारपर्यंत दम धरला. पोरीला पट्ट्याकडे फिरकू दिलं नाही, डब्यांकडेच ठेवलं. बारा वाजेपर्यंत सगळं दळण उरकलं. गिऱ्हाइकं आपापले डबे घेऊन गेली आणि फरशी मोकळी झाली.

रोशनी सांडलेलं पीठ झाडायला वाकली, आणि पुष्पलताला तिची पाठ दिसली.

निळ्या कुर्त्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध, पांढरं अक्षर. घे. मात्रा रेषेपासून सुटून डावीकडे पडलेली.

 पुष्पलताचं डोकं चालायला लागलं, कारण ते भीतीतही भांडतं. पोरगी कुठल्या तरी झाकणाला टेकली असेल, खडूचा छाप उमटला असेल. पण छाप उलटा उमटतो, आरशातल्यासारखा. हे अक्षर सरळ होतं. मग मी लिहिलं का? सकाळी पाठीवरून हात फिरवला होता. नखात खडू तर कायमच असतो. लिहिलं असेल मी? पोरीच्या पाठीवर? आणि कळलं नाही मला?

"रोशनी," ती म्हणाली. "माझ्या पाठीवर पाह्य बरं, काही आहे का."

रोशनी मागे आली. पदर बाजूला केला. 

"ठे," ती म्हणाली.

"आणि तुझ्या पाठीवर..."

"घे आहे. हो ना?" रोशनीला सांगावं लागलं नाही. वळून उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा लग्नाच्या नवरीसारखा फुलला होता. "माय, आजच आहे. आपण दोघी चक्कीवर आहो. एक घेतली जाते, एक ठेवली जाते. तू भिऊ नको वं. सात वर्षं कशीबशी काढ, मग मी तुले भेटतेच."

"चूप!"

"माय..."

"चूप म्हणते ना! तुझा बाप म्हणे घेतली जाईन ती बुडते. तुझा पास्टर म्हणते घेतली जाईन ती तरते. आणि काल तोच पास्टर माझ्यासमोर म्हणून राहिला का त्याले पक्कं माहीत नाही! कोणालेच माहीत नाही! यमुताई कुठं गेली, कोणी पाहून आलं? गोपिका ठेवली, ते काय भलं झालं तिचं? मले नाही पायजे वर, मले नाही पायजे खाली. मले तू पायजे! बारा वर्षांची होती तेव्हापासून तुझी मान मांडीवर घेऊन बसली मी, जीभ दाताखाली जाऊ नये म्हणून. कोण येते तुले न्यायले, मी पाहते!"

५

तिनं कोपऱ्यातलं ओलं फडकं उचललं, रोशनीला खांद्याला धरून फिरवलं आणि पाठ पुसली. रोशनी ओरडली, हात झटकले. पण तीस वर्षं पोती उचललेल्या हातापुढे तिचं काय चालणार? अक्षराचा आधी पांढरा फराटा झाला, मग ओला डाग, मग काहीच नाही.

"पुसलं?" रोशनी हुंदके देत म्हणाली. "तू माझं पुसलं? तुले कोणी हक्क दिला?"

"पोटातून काढलं मी तुले. हे घे, फडकं. आता माझं पूस."

"कायले?"

"पूस म्हणते ना. दोघी सारख्या. ज्याले त्या दोन शब्दांचा अर्थ पक्का माहीत आहे त्यानं सोता येऊन लिवावं. तोपर्यंत आपण दोघी कोऱ्या."

रोशनीनं पुसलं. आधी रागानं, खसाखसा, मग हळू. मग तिनं आईच्या ओल्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि मोठ्यानं रडली. पुष्पलतानं तिला रडू दिलं. मग ब्लाउजमधून गोळ्यांचं पान काढलं, माठातून गिलास भरला. रोशनीनं आईकडे पाहिलं, गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली. बारा दिवसांतली पहिली. पुष्पलताच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिनं पोरीचा गाल पिठाच्या हातानं पुसला आणि दोघी जराशा हसल्याही.

तेवढ्यात लाईन गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. बाहेर उन्हाची झळ होती, म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं. त्याखाली उन्हाचा पांढरा पट्टा फरशीवर पडला होता.

शटरवर कोणी तरी दोन टिचक्या मारल्या.

"पास्टर आले," रोशनी म्हणाली.

"या गा, वाकून या," पुष्पलता ओरडली.

कोणी आलं नाही. मग आवाज आला. ओळखीचा होता, पण कोणाचा ते आठवेना, बाईचा की बाप्याचा तेही कळेना. रोजच्या गिऱ्हाइकासारखा, साधा, जरासा घाईतला.

"ओ बाई, हे दोन डबे कोरेच आहेत. दळायचे आहेत का?"

तीस वर्षांची सवय. पुष्पलताच्या ओठांवर 'हो, राहू द्या' आलंच होतं. तिनं ते दातांनी तिथंच चावलं. फरशीवर एकही डबा नव्हता. समोरची फळी रिकामी होती. शटरखालच्या उन्हात पाय दिसत नव्हते, सावलीही नव्हती. तिनं रोशनीकडे पाहिलं. रोशनी भिंतीवर टांगलेल्या खडूच्या डबीकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. लहानपणी तिनं पुसलेली ती सगळी झाकणं तिलाही आठवली असावीत.

घे म्हणजे समोरच्या फळीवर. ठे म्हणजे मागच्या मांडणीवर. आणि ज्यावर काहीच नाही, तो डबा...

"बाई?" बाहेरून पुन्हा विचारलं. "दळायचेच ना?"

मेन स्विचचा दांडा खाली होता. मोटर गप्प होती. तरी पट्टा हलला. एक वीत सरकला, थांबला, पुन्हा सरकला. जोड चाकावरून गेला. टक्. दगड दगडावर घासायला लागला, रिकामा, हळू, मग जरा जोरात. वरच्या पत्र्याच्या तोंडातून थोडं पीठ उडालं. टक्. टक्.

पुष्पलता पोरीला पाठीशी घालून मागे सरली. मागे भिंत होती. तिला आयुष्यभर कोणत्याही गोष्टीवर ओरडायला शब्द कमी पडला नव्हता, आणि आता तोंडातून हवासुद्धा निघत नव्हती. देवरावचा अर्थ आठवला, पास्टरचा आठवला, गोपिकाचे उघडे डोळे आठवले, यमुताईचा झोपलेला चेहरा आठवला. यातलं कोणतं आपल्या लेकराच्या पाठीवर लिहायचं?

शटर बोटभर वर सरकलं.

रोशनीनं डबीतून खडू काढला. तिनं खडूचं टोक आईच्या ओल्या पाठीवर टेकवलं. मघापर्यंत इतकी पक्की असलेली पोरगी आता पाच वर्षांच्या पोरीच्या आवाजात बोलत होती.

"माय, लवकर सांग वं. कोणतं लिवू? घे का ठे?"